अठ्ठेचाळीस चिंचोके

(प्रभाग संघाच्या नोव्हेंबर २०२५ च्या सभेत एका गटाच्या सचिवताईंनी केलेलं मनोगत. त्या बोलल्या तसंच छापत आहोत. ज्यांचा दिवस यात सांगितला आहे त्या चौघींनी ‘सांगा, पण नावं नको’ असं म्हटल्यामुळं कुणाचंच नाव दिलेलं नाही.)



मला पंचसूत्रीवर बोला म्हणून सांगितलंय. पाच सूत्रांतलं पहिलं म्हणजे नियमित बैठक. मी त्या एकाच सूत्रावर बोलणार आहे. कारण आमच्या गटात भांडण झालं ते त्याच्यावरनंच, आणि भांडण काढणारी मीच होते.

आमचं गाव गंगाखेड तालुक्यातलं, गोदावरीच्या अंगाला. गटात आम्ही अकरा जणी. बैठक दर शनिवारी दुपारी चारला. ही वेळ माझ्याच डोक्यातून निघालेली. शनिवारी पोरांची शाळा सकाळची असते, साडेअकराला पोरं घरी येतात, जेवणं उरकतात, मग दुपारी बाई मोकळी, असा माझा हिशोब. न येणारीला दहा रुपये दंड, उशिरा येणारीला पाच. वही माझ्याकडं असते, आणि वही असली की माणूस जरा ताठ बसतो, खोटं कशाला बोलू.

तर ११ ऑक्टोबरचा शनिवार. दसरा होऊन गेलेला, दिवाळी दहा दिवसांवर. चार वाजता सतरंजीवर सहा जणी. शेजारची वहिनी आलीच नाही. आणि आमच्यातली सगळ्यात धाकटी आली ती सहाला, आम्ही सतरंजी झटकत होतो तेव्हा. हप्ता पण आणला नव्हता. मी दंड लिहिला आणि वर बोलले, “वेळ काढला की निघतो. तुम्हालाच तेवढं घर आहे का?” धाकटी काहीच बोलली नाही. पदराची गाठ सोडली, पाच रुपये सतरंजीवर ठेवले आणि गेली.

आमच्या गटात एक आक्का आहेत, सत्तरीच्या पुढच्या. त्या उठता उठता म्हणाल्या, “सचिवबाई, दंडाची वही भरली तुझी. आता तिचा आजचा दिवस कसा गेला तेवढं सांग मला.”

मला सांगता येईना. भिंतीला भिंत लागून घरं आमची. तिच्या घरात भाकरी थापल्याचा आवाज मला ऐकू येतो. पण दिवस सांग म्हटलं तर मी गप्प.

आक्का म्हणाल्या, “उद्या रात्री माझ्या ओट्यावर या. जेवून या. शनिवार सांगायचा.”

रविवारी रात्री पाच जणी जमलो. मी, आक्का, वहिनी, भाजी विकणारी मावशी आणि धाकटी. धाकटी येईल असं मला वाटलं नव्हतं. मी येताना चिंचोके घेऊन गेले होते, एकीला अठ्ठेचाळीस या हिशोबानं. का, ते सांगते. आम्हाला एका प्रशिक्षणात सांगितलं होतं की आपलं सरकार माणसांचा वेळ मोजतं. देशभर पहिल्यांदा मोजला २०१९ मध्ये, नंतर २०२४ मध्ये. घरी येऊन विचारतात, काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत काय काय केलं? अर्ध्या अर्ध्या तासाचे खण पाडतात. चोवीस तासांचे खण झाले अठ्ठेचाळीस. म्हणून आमचे चिंचोके अठ्ठेचाळीस. एक चिंचोका म्हणजे अर्धा तास.

त्या मोजणीत अर्ध्या तासाच्या एका खणात जास्तीत जास्त तीन कामं लिहितात. हे ऐकून आमची वहिनी हसली. म्हणाली, “तीनच? एका हातानं भाकर, एका पायानं पाळणा, डोळा दुधावर, कान नळाकडं. आणि तोंडानं पोराचा पाढा. पाच झाले की!”

पहिला शनिवार वहिनीचाच. चारला उठली. झाडलोट, शेण, पाणी, सगळ्यांच्या भाकरी, नातवाचं दूध, साडेसातपर्यंत. सात चिंचोके. मग टेम्पो, एक चिंचोका. आठ ते साडेपाच कापसात, वजन होईपर्यंत. एकोणीस. या वर्षी सप्टेंबरच्या पुरानं आणि पावसानं पऱ्हाटीची काय दशा केली ते तुम्हाला सांगायला नको. खालची बोंडं सडलेली, वरची अर्धी उमललेली. कापूस ओढला तर निघत नाही, निघाला तर त्यात काडीकचरा. चांगल्या साली ती पंचेचाळीस किलोच्या वर वेचते. त्या दिवशी एकतीस किलो भरला. दहा रुपये किलोनं तीनशे दहा रुपये. परत टेम्पो, एक चिंचोका. सहा ते साडेनऊ पुन्हा चूल, भांडी, जनावरं, सात. झोप तेरा. मांडून बघा, अठ्ठेचाळीस बरोबर होतात.

आम्ही चिंचोक्यांचे ढीग केले. पैसे मिळालेलं काम एका ढिगात, बिनपैशाचं दुसऱ्या ढिगात, झोप तिसऱ्यात, आणि स्वतःसाठी घालवलेला वेळ चौथ्यात. वहिनीच्या घरकामाचे झाले चौदा चिंचोके, म्हणजे सात तास, आणि ते कापसाच्या वर. चौथ्या ढिगाची जागा रिकामीच. तिनं तिथं फुंकर मारली नुसती, धूळ उडाल्यागत.

आणि ती आमच्या बैठकीला चारला येणार होती! चारला तिच्या ओटीत कापूस होता.

सरकारी मोजणीचा आकडा मी तिथंच सांगितला. २०२४ मध्ये घरची बिनपैशाची कामं करणाऱ्या बाईचे दिवसाला २८९ मिनिटं जातात, पुरुषाची ८८. चिंचोक्यात सांगायचं तर तिचे साडेनऊ, त्याचे तीन. आणि हे फक्त घरकाम करणाऱ्या पुरुषांचं. असं काम करणाऱ्या बायका शंभरात ८१ च्या वर, पुरुष २७. आक्का म्हणाल्या, “ते सत्तावीस कुठं राहतात, जरा पत्ता काढ.”

मावशीचं लवकर सांगते, कारण तिनंही लवकरच सांगितलं. शनिवारी परभणीचा बाजार. शुक्रवारी रात्रीच मेथी-शेपूच्या जुड्या बांधून ठेवलेल्या. पहाटे गंगाखेडचं स्टेशन, पॅसेंजर, डोक्यावर गाठोडं. पुरात मळा गेला, म्हणून आता ती दुसऱ्याची भाजी विकत घेऊन विकते. संध्याकाळी दीडशे रुपये सुटले. पण मावशीच्या चौथ्या ढिगात दोन चिंचोके पडले. येताना रेल्वेत बसायला जागा मिळाली, खिडकीपाशी. तिनं ते दोन चिंचोके इतक्या मायेनं ठेवले की आम्ही सगळ्या बघतच राहिलो.

आक्का म्हणाल्या, “माझं काय, मी बसूनच असते.” मांडा म्हटलं तरी मांडेनात. मग वहिनीनंच त्यांचे मांडले. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत आक्कांच्या ओट्यावर तीन घरची तीन लेकरं असतात. एक रांगतं, दोन पळणारी. त्यातलं एक वहिनीचा नातू. शिवाय तीन घरांचं वाळवण राखायचं, दोन शेळ्या बघायच्या. वीस चिंचोके. आक्का बसतात म्हणून वहिनी आणि तिची सून दोघी कापसात जाऊ शकतात. ते वीस चिंचोके कुठल्या ढिगात ठेवायचे यावर बराच वेळ गेला. शेवटी बिनपैशाच्या ढिगात ठेवले, पण वहिनी म्हणाली, “माझ्या तीनशे दहातले थोडे यांचेच.” ते कधी द्यायचे, किती द्यायचे, हे अजून ठरलेलं नाही. तेही सांगून टाकते.

आक्कांनी मग जुनं सांगितलं. त्यांच्या वेळी हे चिंचोके लागत नसत. पहाटे जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या, खुंटा दोघींच्या हातात. एकीनं ओवी म्हणायची, दुसरीनं उचलायची. सासूचं, नवऱ्याचं, माहेरचं, सगळं त्यातच यायचं. कुणाच्या घरात काय चाललंय ते जात्यालाच माहीत. गिरणी आली आणि हाताचे फोड गेले, ते बरंच झालं. पण समोर बसणारीही गेली.

आपण तर गंगाखेडच्या. जनाबाई आपल्या गावची. तिला विठोबा दळू लागला, शेण्या वेचू लागला असं आपण लहानपणापासून ऐकतो. मावशी म्हणाली, “तिला विठोबा होता. आपल्याला कोण?” आम्ही हसलो. पण तिनं खोटं काय विचारलं?

आता माझा शनिवार. पाचला उठले. आठपर्यंत घर, पोरांच्या शाळेचं. साडेअकरापर्यंत शेतात, पाण्यातून वाचलेलं थोडं सोयाबीन होतं ते गोळा केलं. एकपर्यंत पोरांचं जेवण, आवराआवर. मग साडेतीनपर्यंत गटाच्या वह्या. साडेतीन ते सहा बैठक. सहा ते साडेनऊ घर. आणि साडेनऊ ते साडेदहा मोबाईल. हे मी हळू आवाजात सांगितलं. दोन चिंचोके चौथ्या ढिगात. पाचही जणींत मावशीच्या खिडकीचे दोन आणि माझ्या मोबाईलचे दोन. आणि ‘वेळ काढला की निघतो’ हे मी बोलले होते.

सोयाबीनचे सात चिंचोके मी बिनपैशाच्या ढिगात ठेवायला लागले तर मावशीनं हात धरला. “मोंढ्यात माल गेल्यावर पैसे येतील की.” येतील, पण पट्टी मालकांच्या नावानं. मग पाचवा ढीग केला. पैसा येतो, पण आपल्या हातात येत नाही, त्याचा. ताईंनो, इथं एक कामाची गोष्ट सांगते. घरच्या शेतात बाई बिनमजुरीची राबते, तेही काम म्हणूनच जनगणनेत धरतात. २०२७ ची जनगणना येतेय. मोजणीला माणसं येतील, विचारतील, तुम्ही काय करता? आपण सवयीनं म्हणतो, ‘काही नाही, घरीच असते.’ तसं म्हणू नका. शेतात काम करते म्हणा. घरचे पुरुष उत्तर देत असले तर मधे बोला.

आणि मग धाकटी.

ती तोवर भिंतीला टेकून बसली होती. चिंचोके मुठीत. म्हणाली, “माझा दिवस तुमच्या चारच्या आधीच सुरू झाला.” साडेतीनला उठलेली. ती आणि तिचा नवरा ऊसतोडीला जातात. भाऊबीज झाली की टोळी निघते, पाच-सहा महिने. या वर्षी जमीन पुरात गेली, म्हणून उचल जास्त घेतली. पहाटे चटणीच्या मिरच्या भाजल्या, सगळ्या घराला ठसका. आठला ज्वारीचं पोतं घेऊन गिरणीवर, तर लाइट नाही. दहापर्यंत गिरणीच्या पायरीवर. तिथून शाळेत पळाली, कारण शनिवारी साडेअकराला शाळा सुटते.

शाळेत कशाला? तिची मोठी पोरगी आठवीत आहे. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह असतं, म्हणजे लेकरू गावातच राहतं, शाळा बुडत नाही, जेवणाची सोय होते. त्यासाठी नाव द्यायला गेली. नाव घेतलं. पण विचारलं, पोरगी रात्री कुणाकडं राहणार? गेल्या वर्षी सासू होती. सासू आखाडात वारली.

दुपारी मुकादम आला उरलेल्या उचलीचं बोलायला. म्हणाला, पोरीलाच घेऊन चला की. कोपीवर धाकटं लेकरू सांभाळील, भाकरी टाकील, तुम्हाला फडात लवकर जाता येईल. नवरा काही बोलला नाही. धाकटी आम्हाला म्हणाली, “पोरगी एकदा कोपीवर गेली की परत शाळेत येत नाई. मी तशीच गेलते. सोळाव्या वर्षी माझा कोयता झाला.” कोयता म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगावं लागेल, आपल्याला नको. नवरा-बायको मिळून एक कोयता. बायको नसेल तर अर्धा कोयता. म्हणून लग्नं लवकर होतात.

मग दीडला ती नणंदेच्या गावाला गेली, चार किलोमीटर. पोरीला ठेवून घे म्हणायला. जाताना ऑटोनं गेली. नणंद म्हणाली, एकच खोली, माझी दोन मोठी पोरं, कसं ठेवू? तेही खरंच. येताना धाकटी पायी आली.

मी विचारलं, “पायी का?”

“दंडाचे पाच रुपये लागणार व्हते ना.”

त्यानंतर ओट्यावर कुणी काही बोललं नाही. माझ्या हातातला चिंचोका मी कितीतरी वेळ फिरवत बसले होते.

आक्काच बोलल्या शेवटी. “पोरगी रातची माझ्याकडं झोपंल. मला दिसत नाई नीट, ती औषधाचं नाव वाचून दाखवील. त्यात काय एवढं.”

एवढंच. ज्याच्यासाठी ती चार किलोमीटर ऊन तुडवत गेली, ते चार घरं सोडून होतं. आणि ती आक्काला विचारू शकली नव्हती, कारण गटाचे दोन हप्ते थकलेले, गटातल्या बाईपुढं तोंड कसं काढायचं? हे मला फार लागलं. गट कशासाठी काढला आपण?

पुढच्या बैठकीत सगळ्या अकरा जणी होत्या, तिथं हप्त्यांचं बोलणं झालं. बोलणं गोड झालं नाही. शेळ्यांसाठी घेतलेल्या कर्जाचे तिचे सात हप्ते बाकी, बाराशेचा एक. दोघी-तिघी म्हणाल्या, आज हिला सूट दिली तर उद्या सगळ्याच मागतील. त्यांचंही चूक नाही, बँकेचा हप्ता आपल्यासाठी थांबत नाही. शेवटी असं ठरलं: थकलेले दोन हप्ते तिनं उचलीतून जाण्याआधी भरायचे. उरलेले पाच, परत आल्यावर, गुढीपाडव्यानंतर. तोवर बँकेला कमी पडेल ते गटाच्या बचतीतून घालायचं. व्याज नेहमीचंच, दंड नाही. सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले. तिनं दोन हप्ते भरले, पावती तिच्याकडं आहे.

बैठकीची वेळही बदलली. आता रविवारी रात्री साडेआठला आक्कांच्या ओट्यावर. सोयीची आहे असं नाही. दोन घरांत कुरकुर आहे, लाइट जातो, आणि वहिनी सरळ डुलक्या काढते. काढू द्या. सही करताना उठवतो आम्ही तिला.

माझ्या घरी मी मालकांना पण चिंचोके मांडायला लावले. आधी हसले, मग मांडता मांडता हसायचे थांबले. आता दळण तेच आणतात. जास्त सांगत नाही, इथं टाळ्या पडतील आणि घरी भांडण होईल.

टोळी भाऊबीजेनंतर गेली, कोल्हापूरकडं. शाळेत नाव दिलेलं आहे. तिथली सोय सुरू होईपर्यंत पोरीचं रात्रीचं जेवण आम्ही दहा घरांनी वाटून घेतलंय, रोज एका घरी. पोरगी तोंडानं फार बोलत नाही, पण आक्कांच्या औषधांवर तिनं मोठ्या अक्षरात सकाळ, दुपार, रात्र लिहून ठेवलंय.

१ नोव्हेंबरला, शनिवारीच, रात्री धाकटीचा फोन आला. स्पीकरवर लावला. आक्का म्हणाल्या, “सांग तुझा शनिवार.” पोरीनं चिंचोके मांडले. पहाटे दोनला उठणं, अंधारातच फडात, दुपारपर्यंत तोड, मग मोळ्या बांधणं, डोक्यावरनं वाहून गाडी भरणं. रिकामी गाडी आलीच नाही तर तिची वाट बघत उसाच्या पाचटावर बसून राहणं. पोरगी मांडत होती, मांडत होती, आणि झोपेच्या ढिगात सहाच उरले. तिनं आईला सांगितलं नाही. आईला म्हणाली, “माझी घटक चाचणी झाली, गणितात अठरा पडले.”

फोन ठेवताना धाकटी मला म्हणाली, “ताई, इथं खाडा पडला की पैसे कापतात. तिकडं माझा खाडा धरू नका.”

तर अध्यक्षताई, मी आज त्यासाठीच उभी राहिले आहे. आमच्या गटानं तिचा खाडा धरलेला नाही. वहीत ‘गैरहजर’ च्या जागी मी ‘कामावर’ असं लिहितेय. पण गटाची प्रतवारी करायला वही तपासली जाते तेव्हा हजेरी मोजतात, आणि एक सदस्य पाच-सहा महिने नाही म्हटलं की गुण जातात. मग पुढच्या कर्जाला अडचण. म्हणून प्रभाग संघानं ठराव करावा, की ऊसतोडीला गेलेली सदस्य गैरहजर धरू नये, तिची बचत परत आल्यावर एकत्र घ्यावी, आणि हे वरपर्यंत लेखी कळवावं. ठरावाचा कागद मी लिहून आणलाय, त्यावर आमच्या दहा जणींच्या सह्या आहेत. अकरावीचं नाव लिहिलंय आणि पुढं जागा सोडलीय.

ज्या गावांतून कोयते गेलेत त्या गटांच्या सचिवांनी चहाच्या वेळी मला भेटा. आणि किती पोरी गावात राहिल्यात, किती गेल्यात, तेवढं सांगा. चिंचोके मी आणलेत, पिशवीत आहेत.